चित्रलिपी म्हणू नका

मराठवाड्यात कुठं घराचा पाया खणताना, बारवेतला गाळ काढताना किंवा देवळाचा जीर्णोद्धार करताना कोरीव दगड निघाला, की पुढची बातमी ठरलेली असते: ‘गावात आढळली प्राचीन चित्रलिपी’. खाली फोटो असतो. तो मोठा करून पाहावा, तर ओळीत नीट बसवलेली, गोलसर वळणाची, एकसारख्या उंचीची अक्षरं दिसतात. बहुतेक वेळा ती हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड असतात. कधी जुनी नागरी असते, क्वचित फारसी. चित्र असलंच तर दगडाच्या माथ्यावर सूर्य, चंद्र आणि गायवासरू एवढंच, आणि त्यांचा खालच्या मजकुराशी काय संबंध आहे हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरी गाव म्हणतं चित्रलिपी, वार्ताहर लिहितो चित्रलिपी, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर तो दगड पाच हजार वर्षांचा होऊन फिरू लागतो.

या शब्दाच्या अशा वापराचा मला मनापासून राग येतो. शुद्धलेखनाच्या चुकीवर येतो तसला हा राग नाही. या एका शब्दानं दगडाची चौकशीच थांबते. लिपी कोणती, भाषा कोणती, काळ कोणता, कुणी कुणाला काय दिलं, हे सगळे प्रश्न ‘चित्रलिपी’ म्हटल्याबरोबर संपतात. ती गूढ गोष्ट ठरते. मग ती वाचायची नसते, तिला शेंदूर लावायचा असतो किंवा तिच्याखाली खणायचं असतं.

यावर जे उत्तर मिळतं ते मी पुष्कळदा ऐकलं आहे. शब्द लोकांचा असतो, अभ्यासकांनी त्यावर पहारा का ठेवावा? जे चित्रासारखं दिसतं आणि वाचता येत नाही त्याला साधा माणूस चित्रलिपी म्हणाला, तर कुणाचं काय बिघडलं? मुळात लिपी चित्रांतूनच निघाली ना? इजिप्तचे लोक घुबडं आणि साप काढूनच लिहायचे ना? आमच्या वेशीतल्या वीरगळावर आख्खी लढाई चित्रांत सांगितली आहे, मग ती लिपी का नाही? आणि एवढ्या एका शब्दानं गावाला मान मिळाला, चार माणसं दगड बघायला आली, तर कुणाच्या पोटात का दुखावं?

हा सगळा युक्तिवाद वरवर उदार वाटतो. त्यातलं एकही वाक्य तपासणीला टिकत नाही.

‘वाचता येत नाही’ इथपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथं आहे. वाचता न येणं हा वाचणाऱ्याचा गुण आहे, लिपीचा नाही. नांदेडात राहणाऱ्यांना हे सांगावं लागू नये. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पाट्यांवर, कमानींवर, दुकानांवर गुरुमुखी आहे. गावातल्या बहुसंख्य मराठी माणसांना तिचं एक अक्षर लागत नाही. देगलूर नाक्यापासून इतवाऱ्यापर्यंत उर्दू पाट्या आहेत, त्याही आपल्यापैकी कित्येकांना लागत नाहीत. पण आजवर कुणी नांदेडकर गुरुमुखीला किंवा उर्दूला चित्रलिपी म्हणाला आहे का? नाही म्हणाला. कारण ती वाचणारी माणसं त्याला रोज समोर दिसतात. म्हणजे अक्षराचा आकार हा प्रश्नच नव्हता. वाचणारा माणूस नजरेआड झाला, की आपण त्याच्या अक्षराचं चित्र करून टाकतो. हळेकन्नड लेखाचा अपराध एवढाच, की त्याचा वाचक आज आपल्या चौकात उभा नाही.

मोडीचंही हेच झालं होतं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्या लिपीत आपल्या आजोबा-पणजोबांची खातेपत्रं, कर्जरोखे, वाटणीपत्रं लिहिली गेली, ती दोन पिढ्यांत अशी परकी झाली की पेटीतले ते कागद ‘किडामुंगीची चित्रं’ म्हणून बंबात गेले. मग २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामकाळातली दप्तरं उघडली गेली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना तहसील कार्यालयांत बोलावणं येऊ लागलं. त्या कागदांवरचं एकही अक्षर बदललं नव्हतं. गरज निर्माण झाली, वाचणारे शोधले, आणि कागद बोलू लागले. दगडांच्या बाबतीत ही गरज आपल्याला का वाटत नाही?

आता इजिप्त. ‘तिथं चित्रं काढूनच लिहायचे’ हे वाक्य शाळेपासून आपल्या डोक्यात बसलं आहे. ज्या लेखनाला युरोपी भाषांत ‘हायरोग्लिफ’ म्हणतात त्या मूळ ग्रीक शब्दात चित्र कुठंच नाही. पवित्र आणि कोरणं, एवढ्याच दोन कल्पना त्यात आहेत. खुद्द इजिप्ती लोक आपल्या लेखनाला देवाची वाणी अशा अर्थाच्या नावानं ओळखत. मराठीनं तिथं ‘चित्रलिपी’ हा शब्द बसवला. सोयीचा म्हणून तो चालेलही, पण त्यानं आपल्या मनात जे चित्र उभं केलं ते चुकीचं आहे: घुबड काढलं म्हणजे घुबड, सिंह काढला म्हणजे सिंह किंवा फार तर शौर्य.

नेमकी हीच समजूत युरोपात दीड हजार वर्षं घट्ट होती, आणि तिच्यामुळं तेवढा काळ इजिप्तचा एक शब्द कुणाला वाचता आला नाही. इजिप्ती चित्राक्षरांतला काळ नोंदवलेला शेवटचा ज्ञात लेख फिले बेटावरच्या मंदिरात आहे, इसवी सन ३९४ चा. त्यानंतर वाचणारे संपले आणि अर्थ लावणारे सुरू झाले. होरापोलो नावाच्या लेखकानं लिहून ठेवलं, की गिधाडाचं चिन्ह म्हणजे आई, कारण गिधाडांत नर नसतोच. ‘आई’ या शब्दात गिधाडाचं चिन्ह खरंच येतं, पण ते त्या शब्दाच्या उच्चारासाठी. त्यानं सांगितलेलं कारण शुद्ध कल्पना होती. सतराव्या शतकात किर्खर या विद्वान पाद्र्यानं एका राजाचं नुसतं नाव पाहिलं आणि त्यातून ओसायरिस देव, नाईल नदी आणि यज्ञविधी यांविषयीचं लांबलचक वाक्य काढलं. विद्वत्ता कमी होती म्हणून हे झालं नाही. ‘चित्र आहे म्हणजे गूढ अर्थ आहे’ हे त्यानं आधीच धरून ठेवलं होतं.

ते कोडं सुटलं कसं? १७९९ साली रोझेटा इथं फ्रेंच सैनिकांना किल्ल्याच्या डागडुजीत एक शिळा सापडली. जुन्या भिंतीत दगड म्हणून ती बसवलेली होती. आपल्याकडेही लेखांचे दगड असेच पायरीत आणि भिंतीत सापडतात. तिच्यावर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत होती: चित्राक्षरं, डेमोटिक ही रोजच्या व्यवहारातली इजिप्ती लिपी आणि ग्रीक. फ्रेंच अभ्यासक शाँपोल्योंनं तिच्यावरची चिन्हं मोजली. ग्रीक मजकुरात ४८६ शब्द भरले, आणि वरचा भाग तुटलेला असतानाही चित्राक्षरांच्या मजकुरात १,४१९ चिन्हं. एका चित्राला एक शब्द असता तर हा हिशेब कसा लागला असता? १८२२ साली त्यानं आपलं वाचन जाहीर केलं. क्लिओपात्राच्या नावात सिंह बसलेला आहे, तो ‘ल’ या ध्वनीसाठी. घुबड म्हणजे ‘म’, तोंड म्हणजे ‘र’, पाण्याची लाट म्हणजे ‘न’. आपण पोराला ‘क कमळाचा’ शिकवतो तेव्हा कमळ शेवटी बाजूला पडतं आणि क उरतो. इजिप्तमध्ये कमळच पानावर राहिलं आणि त्यानं क चं काम केलं, असं समजलं तर फार चुकणार नाही. काही चिन्हं अख्ख्या शब्दासाठी होती, काही शब्दाच्या शेवटी बसून तो माणसाचा की गावाचा की देवाचा हे सांगणारी होती. पण सगळी मिळून एका बोलत्या भाषेची वाक्यं लिहीत होती, कर्ता, कर्म, क्रियापद यांसह. आणि ती भाषा शाँपोल्योंला पकडता आली याचं कारण तिची शेवटची लेक, इजिप्ती ख्रिस्त्यांची कॉप्टिक, त्यानं मन लावून शिकून ठेवली होती.

माया लोकांच्या लेखनाचंही तेच. ‘बालाम’ म्हणजे जॅग्वार. हा शब्द ते त्या जनावराचं तोंड काढून लिहीत, आणि ‘बा’, ‘ला’, ‘मा’ अशी तीन अक्षरचिन्हं जोडूनही लिहीत. रशियाच्या युरी क्नोरोझोव्हनं १९५२ साली या ध्वनीचिन्हांकडे बोट दाखवलं आणि बंद दार किलकिलं झालं.

यातून ‘चित्रलिपी’ या शब्दाचा जो एकमेव रास्त अर्थ निघतो तो असा: ज्या लिपीतली चिन्हं ओळखू येतील अशा चित्रांच्या रूपात आहेत, पण जी एखाद्या भाषेचे शब्द आणि ध्वनी लिहिते, ती चित्रलिपी. दोन्ही अटी हव्यात. चिन्ह चित्ररूप हवं आणि त्यामागं भाषा हवी. आता हा अर्थ घेऊन बिलोली, मुखेड, देगलूर, निलंगा, औसा असं फिरा आणि एक तरी चित्रलिपी दाखवा. सापडणार नाही, कारण इथं तशी लिपी वापरात असल्याचा कसलाही पुरावा नाही. हळेकन्नड, नागरी, मोडी या तिन्ही लिप्या ब्राह्मीच्या वंशातल्या. त्यांत चिन्ह ध्वनीसाठीच आहे, आणि ते कशाचंही चित्र नाही.

‘मग वीरगळाचं काय?’ हा प्रश्न आधीच्यांपेक्षा गंभीर आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई असते, घोडेस्वार, ढाल-तलवारी, पडलेला वीर, कधी पळवलेली गुरं. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन जातात. सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात. गद्धेगाळावर दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी, न वाचताही कळेल अशा उघड्या चित्रात. हे सगळं अर्थपूर्ण आहे, ठरलेल्या संकेतांचं आहे, आणि ज्याला संकेत ठाऊक आहेत त्याला ते ‘कळतं’. पण कळणं आणि वाचणं यांत फरक आहे. त्या वीराचं नाव काय? तो कोणत्या गावचा? कोणत्या वर्षी, कुणाशी लढताना पडला? चित्र यातलं काहीच सांगू शकत नाही. म्हणून तर काही वीरगळांवर चौकटींच्या मधल्या पट्टीत अक्षरांची ओळ कोरावी लागली. कोरणाऱ्यालाच ठाऊक होतं, की चित्र जिथं थांबतं तिथून अक्षर सुरू होतं. ज्या शिल्पकारानं हा फरक इतक्या जाणतेपणानं पाळला, त्याच्या कामात तो फरक पुसून टाकणं हा त्याचा सन्मान कसा होईल?

कोकणातल्या कातळशिल्पांनाही अलीकडे कुणी कुणी चित्रलिपी म्हणू लागलं आहे. बारसू, उक्षी, कशेळी, देवीहसोळ, कुडोपी इथल्या जांभ्याच्या सड्यांवर प्रचंड हत्ती, मासे, माणसं आणि भूमितीच्या आकृत्या खोदलेल्या आहेत. २०२२ साली त्यांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला. ती थोर आहेतच. पण त्यांच्या मागं लिहिलेली भाषा आहे असं दाखवणारं काही हाती नाही. ‘कातळशिल्प’ हा किती नेमका, किती सुंदर मराठी शब्द आहे! तो असताना हा दुसरा आणायचा कशाला? महाराष्ट्रात चित्ररूप लिपीच्या जवळ जाणारी गोष्ट हवीच असेल, तर प्रवरेकाठच्या दायमाबादला जावं. तिथल्या उत्खननात उत्तर हडप्पा काळातल्या थरात सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मुद्रा मिळाल्या. ती लिपी अजून वाचली गेलेली नाही, आणि तिला नुसतं ‘सिंधू लिपी’ म्हणणं हाच प्रामाणिकपणा आहे.

‘कुणाचं काय बिघडलं?’ या प्रश्नाचं उत्तर तर मातीतच दिसतं. खणलेल्या खड्ड्यांत.

दानलेखाच्या माथ्यावर वासराला पाजणारी गाय कोरलेली असते. अशा दगडाला धेनुगळ म्हणतात. शेजारी चंद्र-सूर्य, मध्ये शिवलिंग, कधी उभी कट्यार. चंद्र-सूर्याचा अर्थ स्पष्ट आहे: ते आकाशात असेतोवर हे दान चालावं. लेखाच्या मजकुरातही हीच गोष्ट शब्दांनी येते. गायवासरू हे दानाच्या पावित्र्याचं, पोषणाचं चिन्ह. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. उलट दान सगळ्यांना दिसावं, कुणी मोडू नये, म्हणूनच तर दगड वेशीत किंवा देवळासमोर उभा केला. आता याच दगडाला ‘चित्रलिपी’ म्हणा. लगेच चित्रांचा ‘खरा’ अर्थ सांगणारा उगवतो. गाय पान्हा सोडते तिथं धन, सूर्य ज्या बाजूला तिकडे इतके हात, कट्यारीचं टोक म्हणजे रोख. होरापोलोनं गिधाडाचं जे केलं तेच हा गायीचं करतो. फरक एवढाच, की होरापोलोच्या हातात पहार नव्हती.

मग अमावास्येच्या रात्री दगड उलथला जातो. खाली काही निघत नाही, कारण तिथं काही ठेवलेलंच नव्हतं. लेखाचे दोन तुकडे होतात, एक ओढ्यात जातो, एक कुणाच्या गोठ्याच्या उंबऱ्याला. आठशे-नऊशे वर्षं ऊन-पावसात टिकलेला दस्तऐवज एका शब्दाच्या अडाण्या वापरानं एका रात्रीत संपतो. भूमिगत धनाचा कायदा १८७८ पासून आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं जमिनीतलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही गुप्तधनाच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार गुन्हा आहेत. पण कायदा खड्डा पडल्यावर येतो. खड्डा पाडायची बुद्धी ज्या शब्दांनी दिली जाते त्यांचं काय?

आणि जे दगड फुटत नाहीत, त्यांच्यावर शेंदराचे थर चढतात, नाहीतर ऑइलपेंट. जीर्णोद्धारात गुळगुळीत फरशी येते आणि लेखाची शिळा पायरीखाली उलटी टाकली जाते. ‘काही चित्रं होती, वाचता येत नव्हती,’ असं वर सांगितलं जातं. कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नतीचं उदाहरण प्रत्येक जीर्णोद्धार समितीनं ऐकावं. १९८० च्या दशकात तिथल्या चंद्रलांबा देवस्थानातल्या कालीच्या देवळाचं छत कोसळलं, मूर्तीची हानी झाली, आणि मूर्तीखालची शिळा उघडी पडली. ती सम्राट अशोकाच्या आज्ञांची होती, ब्राह्मी लिपीतली, दोन्ही बाजूंनी कोरलेली. मूर्ती बसवण्यासाठी तिच्या मधोमध चौकोन कापलेला होता. तो कापणाऱ्याच्या लेखी ती अक्षरं नव्हतीच. अशोकाचे स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकानं दिल्लीला आणवले, तेव्हाही त्यांच्यावरचं कुणाला वाचता आलं नाही. लोक त्यांना भीमाची काठी म्हणत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडली आणि भीमाची काठी राजाचं बोलणं झाली.

पण माझ्या रागाचं मुख्य कारण याहून खोल आहे. ‘चित्रलिपी’ हा शब्द आपल्या प्रदेशाच्या इतिहासातून एक आख्खी भाषा बाहेर काढतो.

नांदेड-लातूरच्या मध्ययुगीन लेखांची एक मोठी संख्या कन्नड आहे. यात अवघडण्यासारखं काय आहे? कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, निलंग्याच्या शेजारचं. नवव्या शतकातला ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ कन्नड देशाची हद्द कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं मानलं जातं. लातूरच्या पापविनाशक मंदिरात चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या काळातला संस्कृत लेख आहे. कंधारला राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा लेख आणि जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं सगळ्यांना ठाऊक आहेत, आता तिथं महोत्सवही भरतो. या प्रदेशात संस्कृत, कन्नड आणि मराठी शेजारी-शेजारी नांदत होत्या. देवळाला जमीन देणारा सामंत कन्नडमध्ये लिहीत होता, आणि ते वाचणारे लोक याच गावांत राहत होते. उदगीर-देगलूरच्या कितीतरी घरांत आजही कन्नड बोलली जाते.

या लेखाला ‘कन्नड’ म्हटलं, की हा इतिहास मान्य करावा लागतो. ‘चित्रलिपी’ म्हटलं, की तो परका, अनाम, कुणाचाच नसलेला होतो. सीमावादाच्या सावलीत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना दुसरा पर्याय सोपा वाटला, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दगडावर कन्नड असल्यानं आजचं एकही गाव इकडचं तिकडं होत नाही. आणि आपल्याच पूर्वजांनी लिहिलेलं त्यांच्या भाषेच्या नावानं ओळखायला आपण कचरत असू, तर ‘आमचा प्राचीन वारसा’ म्हणून ऊर बडवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

हे लेख कुणी वाचलेच नाहीत अशीही स्थिती नाही. श्रीनिवास रित्ती आणि गणपत शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातल्या कोरीव लेखांचा संग्रह १९६८ साली प्रसिद्ध केला. तो छापला नांदेडच्याच यशवंत महाविद्यालयानं. त्याआधी १९६३ मध्ये शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ आला होता. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आनंद कुंभार यांनी नोकरी सांभाळून, गावोगाव फिरून लेख शोधले, आणि रित्तींसोबत त्यांचाही संग्रह निघाला. नांदेडचं नावसुद्धा अशाच अक्षरांनी आपल्याला परत दिलं आहे. वाशिमला सापडलेल्या वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात ‘नांदीकड’ या प्रदेशाचा उल्लेख येतो, आणि वा. वि. मिराशींनी ते नांदेड म्हणून ओळखलं. तो ताम्रपट आज एखाद्याच्या शेतात निघाला असता, तर त्याच्यावरही ‘चित्रलिपी’चाच शिक्का बसला असता, आणि आपल्याच शहराचं सर्वांत जुनं नाव त्या शिक्क्याखाली राहिलं असतं.

‘शब्द लोकांचा असतो’ म्हणणाऱ्यांनी लोकांचं बोलणं कान देऊन ऐकावं. खेड्यातला म्हातारा चित्रलिपी म्हणत नाही. तो ‘लिव्हलेला धोंडा’ म्हणतो, ‘अक्षराचा दगड’ म्हणतो. हे शब्द अचूक आहेत. लिहिलेलं आहे हे त्याला दिसतं, आपल्याला वाचता येत नाही हेही तो सरळ सांगतो. चित्रलिपी हा शब्द त्याच्या तोंडी घातला तो शिकलेल्यांनी: अर्धवट आठवणाऱ्या पाठ्यपुस्तकानं, घाईतल्या बातमीनं, आणि गूढ विकणाऱ्या यूट्यूब वाहिन्यांनी. लोकांचा शब्द म्हणून ज्याची वकिली चालली आहे तो लोकांवर लादलेला आहे.

राहिला गावाच्या मानाचा प्रश्न. कोणता मान मोठा? ‘आमच्याकडे कुणालाच न कळणारी चित्रलिपी आहे’ हा, की ‘आमच्या गावाचं नाव अमुक शकात, अमुक राजाच्या कारकिर्दीत दगडावर कोरलं गेलं, त्यात आमच्या तळ्याचा, आमच्या मळ्याचा, आमच्या देवाचा उल्लेख आहे’ हा? पहिल्यानं चार दिवस गर्दी जमते. दुसऱ्यानं गावाला नाव, वय आणि पुरावा मिळतो.

हा पुरावा कसा मिळतो तेही सांगतो, कारण त्यात गूढ काहीच नाही. दगड साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचा. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, चुना यांचं नाव काढायचं नाही. अक्षरांत खडू किंवा रंग भरायचा नाही. ओला कागद दगडावर पसरून दाट केसांच्या ब्रशनं हळूहळू ठोकायचा, कागद प्रत्येक खाचेत बसेपर्यंत. तो सुकत आला की शाईच्या बोळ्यानं वरून टिपायचं. उंच भाग काळा होतो, कोरलेलं अक्षर पांढरं राहतं. हे जाणत्याकडून शिकावं लागतं. पण ठशाआधीचं काम कुणालाही जमेल: तिरक्या उजेडात, सकाळी लवकर, उन्हं उतरताना किंवा अंधार पडल्यावर बाजूनं बॅटरी धरून फोटो काढायचा. दुपारी सपाट दिसणारा दगड त्या उजेडात भरून येतो. आणि हळेकन्नड जाणणाऱ्याची नजर पहिल्या ओळीवर पडली, की अर्धी अक्षरं झिजलेली असली तरी तो म्हणू लागतो: ‘स्वस्ति समस्तभुवनाश्रय श्रीपृथ्वीवल्लभ महाराजाधिराज परमेश्वर परमभट्टारक...’ चालुक्यांच्या लेखांची ही ठरलेली सुरुवात आहे. पुढं ‘त्रिभुवनमल्ल’ आलं, की राजा बहुधा सहावा विक्रमादित्य आणि काळ १०७६ ते ११२६ च्या दरम्यान. मग संवत्सर, महिना, तिथी, वार. मग दान देणारा, घेणारा, जमिनीच्या चतुःसीमा. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. यातल्या कोणत्या गोष्टीला चित्र म्हणायचं आहे?

म्हणून वार्ताहरांना, सरपंचांना, जीर्णोद्धार समित्यांना आणि शाळेतल्या गुरुजींना माझं सांगणं आहे, आणि यात तडजोडीला जागा नाही. दगडावर अक्षरं असतील तर त्याला शिलालेख म्हणा. लिपी ओळखता आली नाही तर ‘लिपी ओळखता आली नाही’ असं लिहा, त्यात कमीपणा नाही. कन्नड असेल तर कन्नड म्हणा, फारसी असेल तर फारसी म्हणा. नुसती शिल्पं असतील तर वीरगळ, सतीशिळा, धेनुगळ, गद्धेगाळ हे आपल्याच भाषेतले शब्द वापरा. दगड हलवू नका, रंगवू नका, त्याच्याखाली खणू नका. तिरक्या उजेडातला फोटो, गावाचं नाव आणि दगड कुठं, कोणत्या तोंडानं उभा आहे याची नोंद पुरातत्त्व विभागाकडे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत बातमीत त्या दगडाचं वय छापू नका.